दोघांनी धरून न्यावं

कुलूपकाका रविवारी हत्याराला हात लावत नसत, हे सगळ्या वस्तीला पाठ होतं. एकदा समोरच्या इमारतीतली बाई गॅसवर दूध ठेवून कचरा टाकायला खाली उतरली आणि मागे दार ओढलं गेलं. ती धावत काकांकडे आली. काकांनी तिला दुसऱ्या कुलूपवाल्याचा नंबर दिला, स्वतःच्या फोनवरून लावूनही दिला, पण हत्यारांची पेटी काही उघडली नाही. तो दुसरा येईपर्यंत पातेल्याचा कोळसा झाला. पुढे कितीतरी दिवस ती बाई काकांना बघून नाक मुरडायची. काकांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांनी तिच्या दाराला आपोआप न लागणारं कुलूप फुकटात बसवून दिलं. पण रविवार तो रविवार, देवाचा दिवस.

माणूस नाकासमोर चालणारा. दुकान म्हणजे बँक आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये उरलेली फट. त्यात एक काउंटर, एक स्टूल, किल्ल्या कापायचं यंत्र आणि भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. यंत्र सुरू झालं की पितळेचा भुगा उडायचा आणि काकांच्या भुवयांवर जाऊन बसायचा. रविवारी चर्चमध्ये उपासनेला येताना काका भुवयासुद्धा विंचरतात, असं मंडळीतल्या मास्तरीणबाई म्हणायच्या.

बायबलही ते किल्ली कापावी तसंच वाचायचे. खाच इथे आहे तर इथेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. लिहिलंय ते लिहिलंय. मास्तरीणबाई जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांना काकांची कळ काढल्याशिवाय चहा गोड लागत नसे. एकदा त्या म्हणाल्या, “काका, तुमचा हा शर्ट टेरिकॉटचा दिसतो. दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये, असंही लिहिलंय बरं का नियमशास्त्रात.” सगळे हसले. काका हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी ते पान काढून बघितलं आणि पुढच्या रविवारी निव्वळ सुती शर्ट घालून आले. तो इस्त्रीला इतका वाईट होता की काकूंनी कपाळाला हात लावला.

आता अशा माणसाच्या घरी पोरगं कसं असावं? एकुलतं एक, हाताला बापासारखंच कसब, पण स्वभाव सगळा उलटा. दुकानात बसायचा तोवर बरं चाललं होतं. मग संध्याकाळी मित्र आले, मग बाटली आली, मग संध्याकाळ दुपारी सुरू व्हायला लागली. काकांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, प्रार्थनेला ओढून नेलं. शेवटी त्यांनी हात टेकले. आणि एक दिवस काका माल आणायला गेले असताना पोरगा दुकान उघडं टाकून काउंटरवर डोकं टेकून झोपी गेला. नक्कल काढायला आलेल्या किल्ल्यांचा एक आख्खा जुडगा, वर चिठ्ठ्यांवर लोकांचे पत्ते, कुणीतरी उचलून नेला. काका घरोघर जाऊन कुलपं बदलत फिरले. लोक वाईट बोलले नाहीत, पण काका काम करत असताना घरात कुणीतरी त्यांच्याजवळ उभं राहायचं. आधी कधी कुणी राहत नसे.

ते घरी आले तेव्हा पोरगा म्हणाला, “कुलपंच तर आहेत, बाबा. बदलली ना? मग झालं.”

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेला आणि काकांनी घराचं कुलूप बदललं. तिन्हीसांजेला किल्ली फिरेना म्हणून तो बाहेरून खडखड करायला लागला. काका दाराच्या आतून म्हणाले, “शास्त्रात तुझ्यासारख्या पोराला बाप वेशीवर घेऊन जायचा आणि लोक दगडांनी मारायचे. मी फक्त कुलूप बदललंय. एवढी दया पुष्कळ झाली.”

मग किल्ली पुन्हा एकदा घातल्याचा आवाज आला, पुन्हा काढल्याचा आला, आणि पावलं जिना उतरून गेली. काकू मोरीत भांडी घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला होता.

त्याला दीड वर्ष होऊन गेलं. काकू त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. काकांनी त्यांच्यासाठी नवी किल्ली कापून दारामागच्या खिळ्याला अडकवली होती. ती त्यांनी कधी काढलीच नाही. बाहेरून आल्या की दार वाजवायच्या. काका दुकानातून यायचे असले तर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहायच्या. शेजारणी विचारायच्या, किल्ली विसरलात का? त्या “हो” म्हणायच्या. काका येऊन दार उघडायचे आणि दोघं आत जायची. काकांना हे सलायचं, फार सलायचं, पण आपण शास्त्राला धरून वागलो या एका आधारावर ते उभे होते.

तो आधार कसा सुटला, ते आता सांगायचं.

मंडळीत नवीन पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते. वयानं लहान, उत्साह दांडगा. त्यांनी रविवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत एक वाचनवर्ग सुरू केला. नियम एकच: बायबल पहिल्या पानापासून वाचायचं आणि एकही ओळ गाळायची नाही. जे वाचताना घसा खाकरावा लागतो तेही वाचायचं. खुर्च्या गोल मांडलेल्या असत, पाळी आली की आपल्या वाट्याचा अध्याय मोठ्यानं वाचायचा आणि मग सगळ्यांनी बोलायचं. पहिले काही आठवडे मजेत गेले. मग लढाया, शिक्षा, शाप सुरू झाले आणि खोलीतल्या खुर्च्या थोड्या कमी झाल्या. काकांची खुर्ची मात्र हलली नाही. काकू मागे चहाच्या थर्मासपाशी बसायच्या.

त्या रविवारी खरं तर पाळी मंडळीतल्या औषधवाल्यांची होती. पण ते चष्मा विसरून आले, आणि पुस्तक शेजारच्या काकांच्या हातात आलं. काकांनी कुठला अध्याय आहे ते पाहिलं आणि पुस्तक परत द्यायला हात पुढे केला. तरी वाचायला लागले. गाळायचं नाही हा नियम ठरला तेव्हा मान डोलावण्यात तेच पुढे होते.

कुणाचा मुलगा हट्टी आणि बंडखोर असेल, शिक्षा करूनही ऐकत नसेल, इथपर्यंत आवाज नीट होता. मग त्याच्या बापानं आणि आईनं त्याला धरून गावाच्या वेशीपाशी वडीलजनांकडे न्यावं, असं आलं, आणि काका थांबले. त्यांनी बोट ओळीवर ठेवलं. मागे गेले. पुन्हा ती ओळ वाचली. बापानं आणि आईनं. पुढे त्या दोघांनीच वडीलजनांना सांगायचं होतं, की हा आमचा मुलगा खादाड आहे, दारुडा आहे. मग दगड. काकांनी उरलेला अध्याय कसाबसा संपवला. नंतर काय वाचलं ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलं नाही.

“हे असलं आजच्या काळात कुठे लावायचं?” औषधवाले म्हणाले. “माझ्या मते तर सोपं आहे. मुदत संपलेलं औषध मी फळीवर ठेवत नाही. प्रभूनं आपल्यासाठी दंड भरला, हे नियम तिथे संपले.”

“संपले तर पुस्तकात कशाला राहिलेत?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “त्या काळात बाप म्हणजे घरातला राजा. त्यानं पोराला मारून टाकलं तर विचारणारं कुणी नव्हतं. हा नियम त्याला म्हणतो, थांब बाबा, एकट्यानं नाही. आधी आई तयार पाहिजे, मग गावासमोर उभा राहा. आपल्याला हा कठोर वाटतो, पण मला यात बापाचा हात धरून ठेवलेला दिसतो.”

“शेवटी दगड आहेतच की, बाई,” औषधवाले म्हणाले.

“आहेत. मी नाही कुठे म्हणते?”

दोघांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक म्हणाले, “मला ही ओळ आवडत नाही आणि ती पुसायचा मला अधिकारही नाही. मी अशा वेळी प्रभूनं सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट शेजारी ठेवून वाचतो. त्यातला बाप वेशीकडे बघत बसला होता, पण मुलगा परत येईल म्हणून. काका, तुम्ही वाचलंत. तुम्हाला काय वाटतं?”

काकांना वाटलं होतं आपल्याला कुणी विचारणार नाही. पुस्तक मांडीवर तसंच उघडं होतं.

“मी हे पोराला तोंडपाठ ऐकवलं होतं,” ते म्हणाले. “दाराच्या आतून. बापानं न्यावं, असं म्हणालो होतो. इथे दोघांनी लिहिलंय. मी हिला विचारलंच नव्हतं.”

मागून काकूंचा आवाज आला. वर्गात त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या.

“विचारलं असतं तरी मी आले नसते,” त्या म्हणाल्या. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, जरा जास्तच घट्ट केलं.

“तेव्हाच्याही बहुतेक आया आल्या नसतील,” पाळक हळू आवाजात म्हणाले.

काका पुस्तकाकडे बघत राहिले. ज्या नियमाला ही सगळी शहाणी माणसं कठोर म्हणत होती, त्यानंसुद्धा बापाला बायकोपाशी जायला लावलं होतं, चारचौघांत उभं राहून बोलायला लावलं होतं. काकांनी यातलं काही केलं नव्हतं. एक स्क्रूड्रायव्हर आणि बंद दार, एवढ्यात त्यांनी उरकलं होतं. जन्मभर ज्या शास्त्राच्या बाहेर पाऊल टाकलं नाही असं वाटत होतं, त्याच्याही पुढे ते एकटेच निघून गेले होते. त्यांना लाज वाटली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

दोघं घरी आली. काकांनी दार उघडलं, कोट काढला, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून एक खोका खाली काढला. जुनी कुलपं ते टाकत नसत. घराचं जुनं कुलूप कापडात गुंडाळलेलं वरच होतं. मग त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. काकू दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं आणि दिवा लावून दिला.

नव्या कुलपाचे स्क्रू काढता काढता काका म्हणाले, “त्यानं जुनी किल्ली फेकून दिली असेल.”

“नाही. त्याच्या जुडग्यात आहे. मी पाहिलीय.”

काकांचा हात थांबला. “कधी?”

“दर बुधवारी बाजाराला म्हणून जाते ना मी, ती त्याच्याकडेच जाते. पार्सलच्या गोदामात आहे तो. खोकी चढवतो.”

“पितो अजून?”

“कमी केलंय म्हणतो. मागच्या महिन्यात एकदा प्यायलेला होता, वासावरून कळलं मला. मी काही त्याची वकिली करत नाही.” त्या जरा थांबल्या. “पण दीड वर्ष मी त्या जिन्यात बसले, तेव्हा दर वेळी मला त्याची ती खडखड ऐकू यायची. तुम्हाला नाही आली कधी?”

“आली,” काका म्हणाले.

कुलूप बसलं. काकूंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून आपली जुनी किल्ली काढली, घातली, फिरवली. लागलं. पुन्हा उघडलं.

“आता त्याला फोन कर,” काका म्हणाले. “किल्ली चालते म्हणावं.”

“मी एकटी नाही करणार,” काकू म्हणाल्या. “दोघांनी न्यायचं, असं वाचलंत ना आज? मग आणायचंही दोघांनी. सहाला सुटतो तो. चपला घाला.”

दाराला कुलूप काकूंनी लावलं. बसमध्ये काका खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. पोराला काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, चूक आपली किती आणि त्याची किती. गोदाम येईपर्यंत त्यांची सगळी वाक्यं तयार होती.

गोदामाच्या फाटकातून माणसं बाहेर पडायला लागली. पोरगा मागून आला, हातात पाण्याची रिकामी बाटली, अंगानं बारीक झालेला. आईबापांना एकत्र बघून तो जागीच थबकला. चेहरा उतरला.

“काय झालं?” त्यानं विचारलं. “कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं,” काकू म्हणाल्या.

काकांची वाक्यं कुठल्या कुठे गेली. जन्मभर लोकांची दारं उघडून देणाऱ्या माणसाच्या तोंडाला ऐन वेळी कुलूप लागलं. ते पुढे झाले आणि त्यांनी पोराचा एक दंड धरला. काकूंनी दुसरा धरला. येणारे-जाणारे बघत होते.

“हे काय? कुठे नेताय मला?”

“घरी,” काका म्हणाले. घसा खाकरून पुढे म्हणाले, “पिऊन आलास तर मी भांडेन. पण आत बसून भांडू.”

“माझी किल्ली लागत नाही तिथे.”

“लागते. जुनं कुलूप बसवलंय. आत्ता, येण्याआधी.”

पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर काकांच्या नखांकडे गेली. तिथे ताजं वंगण होतं.

“बाबा,” तो म्हणाला, “आज रविवार आहे.”

“हो,” काका म्हणाले, आणि त्याचा दंड न सोडता बसथांब्याकडे चालायला लागले.