प्रभुभोजनातही वरूनच?

मंडळी, आत्ताच चर्चमधून आले, म्हणून लगेच सांगते.

गावच्या विहिरीवर आमाला ओंजळ धरावी लागायची, लोक वरून पाणी ओतायचे. ते सोसवेना म्हणून आमी ख्रिस्ती झालो. माझ्या घरधन्याला निजामाच्या रेल्वेत काम लागलं आणि पूर्णेला आलो.

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. सगळ्यांना द्राक्षरसाचा एकच प्याला. मी घोट घेतला आणि प्याला शेजारी बसलेल्या स्टेशनच्या बाबूच्या बायकोला दिला. तीपण ख्रिस्तीच, पण वरच्या जातीतून आलेली. तिनं मान मागं टाकून घोट वरून तोंडात ओतला. लुगड्यावर सांडला, पण प्याल्याला ओठ लावला न्हाई. पाद्रीसाहेब खाली बघत राहिले.

बाहेर मी विचारलं, "बाई, माझं उष्टं चालंना व्हय?"

"तसं न्हाई गं, सवय हाय."

सवय! पुन्हा इथं पाय ठेवायचा न्हाई, असं ठरवूनच निघाले. वाटेत आठवलं, त्या शेवटच्या जेवणाच्या रात्री प्रभूला धरून देणाऱ्या दगाबाज यहूदाचा हातपण प्रभूच्याच ताटात होता. प्रभूनं त्याला उठवलं न्हाई, अन् स्वतःही उठला न्हाई.

राग तसाच हाय. पण पुढच्या वेळी तिच्याच शेजारी बसणार. ताट प्रभूचं हाय, तिच्या बापाचं न्हाई. मग मी का उठू, तुमीच सांगा?