उकाडा आवडणारे यीस्ट आणि संत्र्याची गोळी

मित्रहो, आज दुपारी मी एक हार आनंदाने पत्करली.

घरी केलेल्या एल बिअरला संत्र्याच्या गोळीसारखा स्वाद यावा, यासाठीचे माझे दोन प्रयत्न फसले होते. यीस्टला वीस अंश तापमान हवे, असे पुस्तकात वाचून मी सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिअर आंबवायच्या पिंपाला ओले पंचे गुंडाळत असे. तरीही बिअरला नेलपॉलिशचा वास येई. तिसऱ्यांदा फसल्यास, जिथे मी हा उद्योग करतो ती कोठीची खोली रिकामी करायची, असे सुनेने बजावले होते.

सून मुक्ता सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. ती म्हणाली, "बाबा, सिंगापूरच्या उकाड्याशी कशाला भांडताय? उकाडा आवडणारं नॉर्वेचं यीस्ट घ्या. आणि हॉप्सची फुलं उकळू नका, शेवटी घाला. कडूपणा कमी, सुगंध जास्त."

मी कुरकुरत का होईना, ऐकले.

आज पहिली बाटली उघडली. संत्रे, पिकलेला आंबा आणि मागाहून थेट लिमलेटची गोळी! मुक्ता घोट घेऊन म्हणाली, "खोली तुमची, बाबा. पण अर्ध्या बाटल्या माझ्या!"

धाकट्यांचे म्हणणे बरोबर निघाले, हे आपण त्यांना तोंडावर सांगता का? माझ्याने अजून सांगवलेले नाही. मुक्ता या गटात आहे; वाचेलच.