ताणाचे दिवस

नरखेडच्या एसटीत शेजारचे काका सारखा मोबाइल काढून बघत होते. म्हातारपणी हे काय वेड, असं मला वाटलं. मग कळलं, त्यांच्या संत्र्याच्या बागेला ताण दिला होता. झाडं फुलावीत म्हणून त्यांचं पाणी काही दिवस तोडतात, तो ताण. यंदा ते काम कॉम्प्युटरकडे होतं. मातीतला सेन्सर ओल मोजणार आणि वेळ आली की पंप आपोआप सुरू होणार. काका तोवर शहरात, सक्करदऱ्याला लेकीकडे जाऊन राहिले होते; आज पाणी सुटेल म्हणून परत निघाले होते.

"तुम्हीच का नाही थांबलात बागेत?"

"झाडं माना टाकतात ना, मले पाहवत नाही गा. दरसाल मी लवकर पाणी सोडून देतो, मंग फुलं येतच नाही. कॉम्प्युटरले दया येत नाही, म्हणून त्याच्या हाती देलं."

त्यांचे ओठ सुकले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

काटोल मागे पडलं आणि मोबाइल वाजला. पंप सुरू झाला होता. काकांनी तो निरोप डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचला.

"आण गा आता," ते म्हणाले, आणि माझी बाटली एका दमात रिकामी केली.