ओल्या माळवदावरचं भाषण

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि तेव्हा मी दोन्ही हात वर करून स्टुलावर उभी होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. पुण्याच्या रेडिओ केंद्रात जाऊन मी बायकांच्या कार्यक्रमासाठी एक भाषण रेकॉर्ड करून आले होते. केंद्रानं दुसऱ्यासाठीही विचारलं होतं आणि मला जायचं होतं. मामंजींना ते पसंत नव्हतं. ते वैरागला शेती बघत, आणि सोलापुरात आमच्या घरी काय चालावं हे तिथूनच ठरवत.

"बोलायला पुन्याला कशाला जायचं? हितं कमी बोलती का?" असा त्यांचा सवाल.

शेवटी तह झाला. पहिलं भाषण लागेल त्या संध्याकाळी मामंजी स्वतः येऊन ऐकणार आणि मग दुसऱ्याचं ठरवणार. भाषण रेडिओवर एकदाच लागतं. हुकलं की माझं पुणंही हुकलं.

आता, सोलापुरात पुणं नीट लागत नसे. त्यात आमच्या भिंतीला लागून यंत्रमाग. संध्याकाळी निवेदिकेऐवजी मागच बोलायचा. आमचे हे गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. ते म्हणाले, "साध्या तारेचं काम नाही. गोल एरियल करतो."

मग त्यांनी बांबूची कांब वाकवून माणूस आरपार जाईल एवढं कडं केलं. त्याला मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळली, आणि पुणं जुळवायला खाली एक फिरता कंडेन्सर बसवला.

"याचं तोंड नीट फिरवलं की मागाची खरखर गाळली जाते," ते म्हणाले.

"म्हणजे चाळणीच की."

ते कडं उचलून माळवदावर गेले.

पण कडं चाललं, हे मान्य करायला हवं. दुपारी माळवदावर स्टुलावर ठेवून त्यांनी पुणं लावलं तर बाई शेजारच्या खोलीत बसल्यासारखी बोलू लागली. (माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेली गच्ची. हे सोलापूरबाहेरच्यांसाठी.) कंडेन्सर जरा हलला की पुणं जाई, म्हणून त्यांनी तो जागच्या जागी लाखेनं पक्का केला.

"आता ब्रह्मदेव आला तरी पुणं हलत नाही. तू मात्र कंडेन्सरला हात लावू नकोस," एवढं बजावून ते वडिलांना आणायला स्टँडवर गेले.

मी कंडेन्सरला हात लावला नाही.

मी फक्त माळवदावर पाणी मारलं. उन्हाळ्यात सोलापुरात संध्याकाळी माळवदावर पाणी मारून मगच चादरी घालतात. त्याशिवाय बसणाऱ्याची भाकरी भाजते. आज तर गल्ली यायची होती. आमचा नळ गेलेला, म्हणून समोरच्या बसम्माकाकूंच्या हौदातल्या दोन घागरी मागून आणल्या आणि चांगला चिखल होईतो शिंपडलं. स्टूल मामंजींना बसायला लागणारच होतं, तेव्हा कडं उतरवून खाली मातीवर टेकवून ठेवलं. कामात काम.

मामंजी आले, स्टुलावर बसले. गल्लीतल्या बायका चादरींवर बसल्या. ह्यांनी रेडिओ लावला.

फुस्स. पुढे काही नाही.

ह्यांनी कड्याचं तोंड फिरवलं, तारा दाबल्या, रेडिओला चापटही मारली. पुणं गप्प.

"दुपारी खणखणीत होतं, आबा."

"दुपारी म्या न्हवतो," मामंजी म्हणाले.

"अय्य, आमच्या गोठ्यातबी असलं एक कडं हाय की," बसम्माकाकू म्हणाल्या. "तेबी काय बोलत न्हाय."

ह्यांनी खाली वाकून मातीला हात लावला आणि हळूच माझ्याकडे पाहिलं.

"हे ओलं कुणी केलं?"

"मी. लोकांना चटके बसले असते."

"आणि कडं खाली?"

"तेही मीच."

"अगं, मी जुळवलं ते कोरड्या मातीवर, तेही उंचावर. ओली माती तारेला एवढी जवळ आली की जुळणी सरकते, आणि जी काय ताकद पुण्याहून येते ती मातीच पिऊन टाकते."

"माती पानी पिती," मामंजी म्हणाले. "रेडू कशी पिईल?"

"पिते, आबा."

"मग परत जुळवा की," मी म्हटलं.

त्यांनी कंडेन्सरवरच्या लाखेत नख खुपसून पाहिलं. लाख त्यांनीच लावली होती, आणि जे निघायला हवं ते ह्यांनी लावलेलं कधी निघत नाही.

घड्याळ पुढे जात होतं. मी कडं चिखलातून उचललं, आणि रेडिओत एक डास गुणगुणला. कमरेपर्यंत नेलं तर डासाची बाई झाली. खांद्यापर्यंत नेलं तर बाई माझं नाव सांगू लागली.

"तशीच धर!" हे ओरडले. "आणखी वर!"

उंच धरायला आमच्या दोघांत उंच मीच. मामंजींनी निमूट स्टूल सोडलं आणि ते ओल्या चादरीवर बसले. मी स्टुलावर चढले, हात वर केले, आणि माझाच आवाज माळवदभर पसरला.

(भाषणाचा विषय सांगायचा राहिला. 'उन्हाळ्यातील पाणीबचत.')

"भगिनींनो," रेडिओतली मी म्हणाले, "घागरभर पाणी सांडताना आपला हात थरथरला पाहिजे."

बसम्माकाकूंनी कोपऱ्यातल्या आपल्या दोन रिकाम्या घागरींकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी कडं जरासं खाली घेतलं. आवाज बसला.

"वर," मामंजी म्हणाले.

वर घेतलं.

"काही घरांत तर गच्चीवर पाणी ओतण्याची चैन..."

कडं गुडघ्यापर्यंत आलं. डास परत आला.

"सूनबाई, खालीवर का करतीस?"

"हात भरून आले, मामंजी."

"बरं. नेमके कामाच्या वाक्यालाच भरत्यात व्हय?"

"प्यायला दे म्हणून नेलीस की गं पाणी," बसम्माकाकू म्हणाल्या. "धर वर. ऐकू दे."

मग मी हात वरच ठेवले. भाषण चांगलंच लांब होतं. पाणी वाया घालवण्याच्या जितक्या तऱ्हा मी सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच त्या वेळी पाहुण्यांच्या चादरींतून झिरपत होत्या. हे कठड्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

कार्यक्रम संपला. मी खाली उतरले. मामंजी उठले आणि त्यांनी धोतराचा काष्टा पिळला.

"लई चांगलं बोललीस," ते म्हणाले. "जा पुन्याला. माझी ना न्हाय. पन हितनं फुडं जे सोता करतीस तेवढंच सांगायचं."

परवानगी मिळाली म्हणून मी खूष. मग विषय शोधायला बसले. काटकसर म्हटलं तर ह्यांना खोकला आला. शेजारधर्म म्हटलं तर समोरून बसम्माकाकूंनी खिडकी लावून घेतली. शेवटी हेच म्हणाले, "नवऱ्याचं न ऐकणं, यावर बोल. ते तू न चुकता करतेस."

मी तोच विषय केंद्राला कळवला. विषय उत्तम आहे, असं त्यांनी कळवलं, पण त्यावर बोलण्यासाठी आधीच बऱ्याच भगिनी थांबल्या आहेत, आणि त्या विषयातला अधिकार पाहता माझा नंबर बराच खाली लागतो.