लिमये काकांची दाढी

आमचा सांता क्लॉज गेला. वय एक्क्याऐंशी, बीपी, मधुमेह, मुक्काम पोस्ट शनिवार पेठ.

लिमये काका. आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे.

जाऊन महिना झाला. लिहायला आज बसले, कारण आज नाताळ आहे आणि मी आत्ताच त्यांचा झगा घडी करून ठेवलाय.

आमच्याकडे केबल नुकतीच आली होती. मी सात वर्षांची. टीव्हीवर सांता बघितला आणि शाळेचा मोजा गॅलरीतल्या दोरीवर टांगून ठेवला.

काका खडकीच्या फॅक्टरीतून आले, स्कूटर लावली, वर बघितलं.

"मुग्धा, तो मोजा धुतलाय का?"

"नाही."

"मग सांता येणार नाही. त्यालाही नाक आहे."

मी मोजा धुतला. सांता आला.

गणपतीच्या मखराचं लाल सॅटिन, पोटाला उशी आणि काकूंच्या वातींच्या कापसाची दाढी, डिंकाने चिकटवलेली. झोळीत राजगिऱ्याच्या वड्या आणि पेन्सिली. मला रिमोटची गाडी हवी होती, पण ते जाऊ दे.

नाताळात नक्की काय करतात हे बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. काकूंना एवढंच माहीत होतं की पाहुणा लांबून आलाय.

"असा कोरडा कसा आत घेऊ?" म्हणत त्या ताम्हन घेऊन दारात आल्या. नवऱ्याला कुंकू लावलं, ओवाळायला लागल्या.

निरांजन दुसऱ्यांदा फिरलं आणि सांताची दाढी पेटली.

या माणसाने दारूगोळ्याच्या फॅक्टरीत वीस वर्षं काढली होती. तीही सेफ्टी सेक्शनला. कधी साधा चटका लागला नाही. आणि पेटला कुठे, तर घरच्या उंबऱ्यावर.

काकांनी दाढी ओढून काढली, जमिनीवर टाकली, बुटाने विझवली. मग वर बघितलं. समोर आम्ही दहा-बारा पोरं, आ वासून उभी.

"लिमये काका, तुम्ही?" मी रडायच्या बेतात होते.

हनुवटीला डिंक, मिशी होरपळलेली, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"सांता रजेवर आहे. मी बदली कामगार."

आम्हाला पटलं. सगळ्यांचे बाबा कुठे ना कुठे नोकरीला होते, रजा म्हणजे काय ते कळत होतं.

तिथून तीस वर्षं हा बदली कामगार एकदाही गैरहजर राहिला नाही.

औक्षण बंद करा असं काकांनी सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "ओवाळल्याशिवाय मी आत घेणार नाही. उभे राहा जिन्यात." मग तह झाला. काकूंच्या खांद्यावर ओला नॅपकिन, आणि निरांजन पुढे येताच सगळ्या पोरांनी एका सुरात म्हणायचं, "दाढी मागे." काका दाढी धरून मानेमागे न्यायचे. अशी पद्धत जगात कुठे नसेल, आमच्याकडे होती.

पुढे बिल्डिंग बदलली. हिंजवडीला जाणारे भाडेकरू आले, नागपूर-अमरावतीकडचे. त्यांची पोरं काकांना बिनधास्त विचारायची, "सांता केव्हा येऊन राहिला?" काका म्हणायचे, "सहाला. आणि चपला बाहेर काढून राहा."

आईवडील आधीच ऑनलाइन गिफ्ट मागवायचे, रॅप करून, नाव लिहून काकांकडे द्यायचे. काका कुरकुरायचे, "मी सांता नाही राहिलो, कुरिअर झालो." पण प्रत्येक बॉक्सवर राजगिऱ्याची वडी ठेवल्याशिवाय झोळी बांधायचे नाहीत.

कुणीतरी रेडिमेड ड्रेस मागवला. त्यांनी दाढी बोटाने चाचपली आणि परत दिली. "नायलॉन आहे. हे तर कापसापेक्षा वाईट पेटतं."

आमच्या ऑफिसात एजन्सीचा सांता येतो. गोरापान, गोल, एकसारखा खो खो हसणारा. त्याचा व्हिडिओ मी काकांना दाखवला. काका शांतपणे बघून म्हणाले, "याला कुणी विनोद सांगितलाय का? मग हसतोय कशाला?"

गेल्या आठवड्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर विषय निघाला. "यंदा सांता मी होते," असं मी लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या दिल्या.

मग मेसेज आला: "औक्षणाला यंदा जोशी वहिनी उभ्या राहतील. लिमये काकूंना कशाला त्रास."

त्रास म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. नवरा गेलेल्या बाईने ओवाळायचं नाही, हे एवढं सरळ लिहायची कुणाची हिंमत नव्हती. खाली नऊ अंगठे. त्यातला एक माझा.

काकूंना विचारलं कुणीच नाही. तीस वर्षं ज्या बाईच्या हातून आमचा नाताळ सुरू झाला, तिला आपण मुकाट्याने बाजूला सारलं, आणि मीही त्यात होते. दोन दिवस तो अंगठा मला टोचत होता.

आज सहाला झगा घालून, कापसाची दाढी लावून निघाले. खाली जोशी वहिनी ताम्हन घेऊन उभ्या होत्या. मी म्हणाले, "वहिनी, दोन मिनिटं," आणि जिना चढले. पोरं मागोमाग.

काकूंनी दार उघडलं. झग्याकडे बघतच राहिल्या.

"काकू, ओवाळायचंय."

"मी नको गं आता. खाली आहेत ना जोशी वहिनी."

जे सुचलं ते बोलले.

"सांता रजेवर आहे काकू. मी बदली कामगार. मला आत घेणार की जिन्यातच उभी राहू?"

काकू आत गेल्या. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग आतून काडेपेटीचा आवाज आला.

बाहेर आल्या तेव्हा हातात ताम्हन होतं, आणि खांद्यावर ओला नॅपकिन. मागून वर आलेल्या जोशी वहिनींनी पोरांना हळूच सरकवून काकूंना जागा करून दिली.

काकूंनी मला कुंकू लावलं. निरांजन उचललं. पोरं विसरली होती, मीही विसरले होते.

काकूच म्हणाल्या, "दाढी मागे."

काका, ड्यूटीवर माणूस हजर आहे. तुमची रजा मंजूर.