खोबरेल लावलेली रायफल

माझ्या थोरल्या साडूइतका निरुपद्रवी बंदूकवाला पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत शोधून सापडायचा नाही. बाथरूममधलं झुरळ तो कागदावर अलगद उचलून मागच्या अंगणात सोडून येतो, आणि तासाभराने तेच झुरळ परत आलेलं बायकोने दाखवलं, तर शांतपणे सांगतो की हे वेगळं आहे. अंड्याचा केकसुद्धा खात नाही. अशा माणसाच्या सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरात, गॅरेजच्या भिंतीला ठोकून बसवलेल्या लोखंडी कपाटात, हरणं आणि रानडुकरं मारायची रायफल आहे. रीतसर परवाना काढून घेतलेली. त्या रायफलने आजवर निशाण्याच्या कागदाखेरीज कुणाचाही जीव घेतलेला नाही. त्याची मुलगी त्याला म्हणते, "बाबा, व्हॉट डिड द पेपर एव्हर डू टू यू?" त्यावर तो हसतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा कागद मारायला जातो.

शौक असला की माणूस महागात पडतो असं म्हणतात. माझ्या साडूचा शौकच मुळी स्वस्त वस्तूंचा. तो दह्याच्या कारखान्यात डबे तपासायच्या कामावर आहे, आणि कारखान्यात बनलेली साधी, स्वस्त वस्तू ही माणसाच्या हातून घडलेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे, असा त्याचा सिद्धान्त आहे. त्यांच्या घरी एक टोस्टर होता, जो पावाची एकच बाजू भाजायचा. इतर कुणी तो फेकला असता. याने दोन वर्षं पाव मध्येच उलटवून खाल्ला आणि आम्हा पाहुण्यांनाही उलटवायला शिकवलं. "टोस्टर बरोबर आहे," तो म्हणायचा, "त्याचा स्वभाव ओळखायला पाहिजे." रायफलसुद्धा अशीच आणली. दुकानदाराने अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची, तिप्पट किमतीची, तेलपाणी केलेली सुंदर रायफल पुढे ठेवली. आमच्या महाशयांनी कोपऱ्यातली काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, सगळ्यांत स्वस्त रायफल मागितली. दाराच्या कडीसारखा एक बोल्ट हाताने मागेपुढे करायचा, एक गोळी भरायची, एक मारायची. बाकी काही नाही. घरी आणल्यावर मला फोन करून म्हणाला, "ही त्या लाकडीच्या तोडीस तोड मारणार, लिहून घे."

लिहून घ्यायला मी मोकळा नव्हतो. पण पुण्यात एक माणूस होता, जो हे ऐकायला सदैव तयार असे आणि एक शब्दही मान्य करत नसे. ते म्हणजे साडूचे वडील, अण्णा. अण्णांनी सारी नोकरी एका शस्त्रांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. माल हातात घ्यायचा, फिरवायचा, पास किंवा नापास म्हणायचं. कारखान्याचं अंतरंग पाहिल्यामुळे त्यांचा कारखान्यावर काडीचा विश्वास नव्हता. शंभर नगांतला चांगला नग तुझ्याच वाट्याला येईल कशावरून, हा त्यांचा सवाल. बापलेकांचा हा वाद दर रविवारी फोनवर चालायचा, आणि माझी मेहुणी म्हणते की या दोघांनी एकमेकांना कधी "कसा आहेस" असं विचारलेलं तिने ऐकलं नाही. शेवटी अण्णांनीच परीक्षा ठरवून दिली. लेक शिकायला निघाला तेव्हा विमानतळावर त्यांनी त्याच्या हातावर रुपयाचं जुनं, मोठं नाणं ठेवलं होतं. शंभर मीटरवरून पाच गोळ्या मारायच्या, आणि पाचही भोकं त्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. तीन नाही, पाच. तीन गोळ्या कुणाच्याही जवळजवळ पडतात, ते नशीब. पाच पडल्या तर ती बंदूक. यावर मात्र बापलेकांचं एकमत होतं. साडूची स्वतःची आणखी एक अट होती. पहिली गोळी थंड नळीतून जाते आणि तीच बाकीच्यांपासून दूर पडते, म्हणून बरेच लोक ती मोजत नाहीत. हा मोजायचा. म्हणायचा, हरीण काही नळी तापेपर्यंत उभं राहत नाही. आणि ती एक गोळी नेमकी त्याला नडायची. चार नाण्याखाली, एक बाहेर.

मग महामारी आली, सीमा बंद झाल्या, आणि दुसऱ्या लाटेत तिकडे अण्णा आजारी पडले. ते वाचले, पण ऑक्सिजनच्या यंत्राशी बांधले गेले. इकडे आमच्या भागात कडक लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही, फक्त व्यायामाला एका माणसासोबत बाहेर पडायची मुभा. त्या एका माणसाच्या जागी माझी नेमणूक झाली. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्या दिवसांत सबंध शिफ्ट लोकांच्या फुप्फुसांचे फोटो काढून, तोंडावर मास्कचे वळ घेऊन घरी यायचो; पाय अक्षरशः ओढत आणायचो. आणि फाटकाशी हा उभा. मग त्याच त्या रस्त्यांवरून फिरताना नळी तापली की गोळी कशी वर चढते, दस्ता नळीला चिकटला तर काय होतं, एकाच कंपनीच्या गोळ्यांची दोन खोकी वेगळी का मारतात, हे सगळं मी ऐकलं. कितीदा वाटलं, सांगावं की बाबा रे, मला नुसतं गप्प चालू दे. एकदा मध्येच त्याचा फोन वाजला. चुलतभाऊ होता, यंत्र बंद पडलं होतं आणि सिलिंडर कुठे मिळतो का ते शोधत होता. हा "हो, हो" म्हणत राहिला, फोन खिशात ठेवला, आणि म्हणाला, "तर मी काय सांगत होतो, नळी." तेव्हा मला त्याची भयंकर दया आली. दुसरं काही बोललं तर रस्त्यातच कोसळून पडेल, हे त्याला कळलं होतं. त्यानंतर मी त्याला कधी थांबवलं नाही.

ऑक्टोबरात नेमबाजीची रेंज उघडली आणि पहिल्याच शनिवारी त्याने मला ओढत नेलं. सीमा उघडायची नुसती कुजबुज होती. तोवर निदान कागद तरी अण्णांना फोनवर दाखवायचा होता. पुण्यात जेमतेम उजाडलं होतं, अण्णा उशीला टेकून बसले होते आणि मी फोन धरून उभा होतो. साडूने गोळी भरली. बोल्ट कसाबसा बसला. त्याने श्वास रोखून चाप ओढला, आणि आतून मऊसा टक् असा आवाज झाला. गोळी उडालीच नाही. तिथे देखरेख करणारा म्हातारा सावकाश आला, "नो वरीज, मेट," म्हणाला, नळी समोरच ठेवून थोडा वेळ थांबायला लावलं, मग गोळी काढून बोल्ट हातात घेतला. तो बोटाने खरवडला, हुंगला आणि विचारात पडला.

"स्मेल्स लाइक सनस्क्रीन," तो म्हणाला.

खोबरेल होतं. लॉकडाउनमध्ये बंदुकीचं तेल संपलं, दुकान पाच किलोमीटरच्या पलीकडे, म्हणून आमच्या दहीतज्ज्ञाने बाथरूममधल्या बाटलीतलं खोबरेल बोल्टमध्ये ओतलं आणि चार थेंब नळीतही फिरवले. सिडनीच्या गार दिवसांत केसाला लावायचं तेल चमच्याने खरवडून काढावं लागतं, हे आमच्याकडची शाळकरी पोरंही जाणतात. बोल्टच्या पोटात त्याचं थिजून तूप झालं होतं, आणि गोळीला ठोकणारी सुई त्यातच रुतली होती. साडू बोल्ट दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ बसला, तेल वितळल्यावर रुमालाने पुसून काढलं, आणि पाच गोळ्या मारल्या. चार नाण्याखाली. पहिली, नळीतल्या तेलामुळे असेल, चांगली दोन बोटं बाहेर.

मी कागद फोनपुढे धरला. दुसरा कागद लावून पुन्हा मारता आलं असतं, मी तसं खुणावलंही. त्याने नकारार्थी मान हलवली. अण्णा खूप वेळ पाहत राहिले.

"फोनवर बघून मी कधी माल पास केलेला नाही," ते धापा टाकत म्हणाले. "हातात दे. घेऊन ये इकडे."

सीमा उघडल्याबरोबर मिळेल त्या विमानाने तो गेला. बॅगेत बाकी काही धड भरलं नव्हतं, पण तो कागद पुठ्ठ्यांमध्ये घालून, नाण्यासकट नेला. पुढचं मला त्याने परत आल्यावर, त्याच फिरायच्या रस्त्यावर सांगितलं. अण्णांनी कागद मांडीवर घेतला, नाणं ठेवलं, आणि बाहेरच्या भोकावर अंगठा फिरवत विचारलं, तेल कुठलं लावलं होतंस. हा म्हणाला, खोबरेल. तुम्ही घरातल्या सगळ्याला तेच लावायचात. कुलपांना, शिलाईच्या यंत्राला, माझ्या सायकलला. माझ्या डोक्यात दुसरं तेल आलंच नाही. अण्णा हसले, खोकले, पुन्हा हसले.

"मग माल पास," ते म्हणाले. "चूक माझ्या तेलाची."

इतक्या वर्षांचा वाद साडू जिंकला होता. हे सांगताना मात्र त्याचा चेहरा नापास झालेल्या मुलासारखा होता. तो महिना संपायच्या आत अण्णा गेले. हा जवळ होता, तेवढं एक चांगलं झालं.

आताशा तो रेंजवर क्वचितच जातो. एकदा पाचही गोळ्या नाण्याखाली गेल्याचं मेहुणीकडून कळलं. मला त्याने सांगितलंसुद्धा नाही. रविवारी फोनच्या वेळी तो काय करावं ते न सुचून घरभर फिरतो. परवा खंडेनवमीला त्यांच्याकडे गेलो होतो. पाटावर मिक्सर, मुलीचा लॅपटॉप, नवा टोस्टर आणि बोल्ट काढून ठेवलेली रायफल मांडली होती; वर हळदकुंकू आणि ते नाणं. साडू खाली बसून खोबरेलाचं बोट दस्त्यावर फिरवत होता. बोल्टला नाही, नळीला नाही, नुसत्या त्या काळ्या दस्त्याला.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "प्लास्टिकला तेल लागत नाही रे."

"माहितेय," तो म्हणाला, आणि चोळत राहिला.