रिकाम्या बॅटरीवर आलेली खूण

संपादकमहाशय, आपल्या मासिकात गेले वर्षभर भुताखेतांचे अनुभव छापून येताहेत. ते वाचून मी पोट धरून हसलो आहे. आमच्या घरी अमावास्येला नारळ फुटतो, त्याच्याशी माझा संबंध खोबऱ्यापुरता! तेव्हा हे लिहिताना माझीच मला चीड येते आहे... पण जे झालं ते झालं.

तीन वर्षांपूर्वी मी कल्याण स्टेशनात तारमास्तर होतो. तारेला लागणारी वीज आमच्याच खोलीत तयार व्हायची — काचेच्या बरण्या, त्यांत मोरचुदाचं पाणी, तांबं आणि जस्त; हीच आमची बॅटरी. दर सोमवारी बरण्या रिकाम्या करून घासायच्या. त्या रिकाम्या असल्या की तार मेलेली; यंत्राची सुई जागची हलणार नाही.

त्या सोमवारी आमचा लाइनमन, बाळकुमचा धर्मा, ट्रॉलीवर लोखंडी खांब घालून विठ्ठलवाडीकडे गेला होता. काम आटोपून ट्रॉली रुळावरून उतरवली की तो जमिनीत खोचलेल्या तारेचं टोक लाइनच्या तारेला टेकवी. तीनदा, मग थांबून एकदा. इकडे सुई तशीच हले. तीन ठोके साहेबाचे, चौथा त्याच्या गावदेवीचा! ती खूण आल्याशिवाय त्या बाजूला गाडी सोडायची नाही, असा नियम.

चूक माझी. खूण येईपर्यंत बॅटरीला हात लावायचा नसतो. पण दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब येणार होते, आणि धर्माला दुपार होईल, तोवर बरण्या घासून पुन्हा भरून होतील, असं मी धरून चाललो. अकराच्या सुमारास सगळ्या बरण्या ओसरीवर पालथ्या घातल्या आणि हात पुसत आत आलो. मेलच्या घाईत स्टेशनमास्तर दारात उभे होते... आणि सुई हलली. तीनदा. मग थांबून एकदा.

"आली ना खूण! सोडू या मेल," स्टेशनमास्तर म्हणाले.

"नाही."

"नाही म्हणजे? अहो दातार, मी डोळ्यांनी पाहिली!"

"मीही पाहिली. बरण्या बाहेर पालथ्या आहेत. वीज नाही तर सुई हलायला कारण नाही. आणि कारण नाही ते मी मानत नाही."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. गाडी जाणार नाही."

इंजिन शिट्ट्या मारत राहिलं, गार्ड शिव्या देत राहिला. मी लाल निशाण घेऊन रुळावरून धावत सुटलो. दीड मैलावर, वळणापलीकडे, ट्रॉलीचं चाक मोडलेलं. खांब रुळावर आडवा, त्याखाली धर्माचा पाय. सोबतचा गडी माणसं आणायला गेलेला. मला पाहून धर्मा ढसाढसा रडला.

"खूण कशाला केलीस रे?" मी ओरडलो.

"कंची खूण, मास्तर? तार तं वर खांबावं. मी हितं आडवा. हात कसा लावू?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हो, आला. खोटं कशाला बोलू?

मग लोक म्हणू लागले, देवीनं वाचवलं. काय म्हणून? त्या खुणेचा अर्थ 'गाडी सोडा' असा होता! ऐकलं असतं तर धर्माचे तुकडे झाले असते. ती खूण करणारं जे कोणी होतं, त्याला मी जुमानलं नाही म्हणून तो वाचला.

चौकशीत साहेब म्हणाले, वाऱ्यानं सुई हलली असं लिहा. मी साफ नकार दिला. वारा तीन मोजून थांबतो काय? सुई हलली, आणि मी तिचं ऐकलं नाही — दोन्ही लिहिलं, बरण्यांची चूकही लिहिली. ठाण्याला बदली झाली. यंत्र उघडून पाहिलं होतं, पुस्तकं चाळली, दुसऱ्या स्टेशनांत विचारलं. कारण आजतागायत सापडलेलं नाही. तरी भूत म्हणणार नाही.

धर्मा आता लंगडतो. दर दिवाळीला नव्या भाताचे पोहे घेऊन ठाण्याला येतो आणि पाया पडू पाहतो. मी पडू देत नाही. बरण्या त्या दिवशी भरलेल्या असत्या, तर तीच खूण मी बिनदिक्कत मानली असती आणि मेल सोडली असती... हे त्याला सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.